चिंच-मिठाचा हत्ती

दगडाचा हत्ती मी चिंच आणि मीठ लावून घासला होता. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उद्या कोणी दुसऱ्याकडून ऐकून मला विचारायला यायला नको.

म्हातारीला विसर पडला असेल, तिला पितळेचा हत्ती म्हणायचं असेल, असं वाटत असेल तर तसं नाही. दगडाचाच. आमच्या गावात महादेवाच्या देवळाच्या पायऱ्यांशी दोन हत्ती आहेत, वर्षभराच्या वासराएवढे, एक कूस पायऱ्यांच्या कठड्याला टेकलेले. पाठीवर झूल, गळ्यात घंटा, सोंडेत कमळाची कळी. दगड वणीकडचा, पिवळा, रेतीचा. शाळेच्या पुस्तकात त्याला वालुकाश्म म्हणतात. गावात तसं म्हटलं तर लोक पुन्हा विचारतील, काय म्हणाल्या.

माझं माहेर आर्णीचं. तिकडे दगड म्हणजे काळा. त्याच्यावर डोकं आपटलं तर डोक्याचं काय ते बघायचं, दगडाला काही होत नाही. कपडे आपटा, मिरची वाटा, तो आपला जागच्या जागी. दगड पिवळा असू शकतो, मऊ असू शकतो, त्यावर हात फिरवला तर तळव्याला रेती लागू शकते, हे लग्न होऊन या बाजूला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही ते विचारावं, हेही ठाऊक नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यावर केस भरपूर होते, आतला माल यायचा होता.

आमच्या गावाचे दोन भाग, वरचा पुरा आणि खालचा पुरा. डावा हत्ती वरच्या पुऱ्याचा, उजवा खालच्याचा. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ज्या-त्या पुऱ्यात त्या वर्षी आलेल्या सुनेने आपला हत्ती धुवायचा, ही रीत. धुवायचा म्हणजे काय, पाणी ओतायचं, नारळाच्या शेंडीने वरवर पुसायचं, हळदकुंकू लावून घरी यायचं. माझ्या सासूबाईंनी बादली आणि शेंडी हातात दिली आणि म्हणाल्या, "लवकर ये, पोळ्या राह्यल्या."

पण मी लवकर येणारी नव्हते. माहेरी माझी कीर्ती भांडी घासण्यात होती. मी घासलेल्या पाण्याच्या पितळी गुंडात बघून बायकांनी कुंकू लावावं, असं आई म्हणायची, आणि ते मी खरं धरून बसले होते. देवळापाशी जाऊन पाहते तर हत्ती धुळीने काळवंडलेला, सोंडेवर तेलाचे ओघळ, कपाळावर जुन्या शेंदराचे डाग. मला वाटलं, या गावातल्या बायका कामाच्या नाहीत. घरी परत गेले, कोणाचं लक्ष नाही बघून पदरात चिंचेचा गोळा आणि मिठाची पुडी बांधली, आणि देवळात येऊन पितळेचा गुंड घासावा तसा तो हत्ती घासला. कपाळ घासलं, सोंड घासली, कान आतून-बाहेरून घासले. हाताखाली रेती सुटत होती. मला वाटलं, मळ निघतोय. पाणी विहिरीवरून आणायचं, विहीर लांब, म्हणून शेवटी धुतला तो बेताचाच.

दुपारी उन्हात हत्ती असा पिवळाधमक दिसायला लागला की देवळात येणारा माणूस महादेवाआधी त्यालाच हात जोडू लागला.

उजव्या हत्तीला त्याच वर्षी खालच्या पुऱ्यात आलेली सून होती. गावच्या नात्याने ती माझी जाऊ लागते. तिने दोन बादल्या पाणी हत्तीच्या अंगावर फेकलं आणि निंबाखाली बसून फुटाणे खाल्ले. मला म्हणाली, "काहून एवढी घासून राह्यली व? जलमाचा मळ आजच काढतं काय त्याचा?" मी तिच्याकडे पाठ करून दुसरा कान घासायला घेतला. मी मोठी कामाची होते.

त्यानंतर माझी जी वाहवा झाली, तिने माझं डोकं फिरलं ते फिरलंच. वरच्या पुऱ्याच्या सुनेनं हत्ती सोन्याचा केला, असं बोरी अरबच्या पाहुण्यांपर्यंत गेलं. सासूबाई पाणी भरताना चारचौघींत म्हणायच्या, "आमची आर्णीची हाये." पुढच्या वर्षी वरच्या पुऱ्यात दुसरी सून आली, तिचा मान होता, पण बायकाच म्हणाल्या, हिलेच करू द्या. तिच्या पुढच्या वर्षीही मीच. रीत मोडून तो हत्ती माझ्या गळ्यात पडला आणि मी तो मिरवला. मागून आलेल्या सुनांनी माझ्या नावाने मनातल्या मनात साखर वाटली असणार. त्यांची आयती सुटका झाली होती.

मग एका थंडीत हत्तीच्या कपाळावर पांढरं पीठ फुटलं.

बारीक, मऊ, बोटाने निघेल असं. सकाळी पुसावं तर चार दिवसांनी पुन्हा यावं. उजव्या हत्तीला काही नाही, फक्त डाव्याला. एक म्हातारी बाई म्हणाली, महादेवानं अंगारा दिला. झालं. सोमवारी बायकांची रांग लागली. सगळ्या ते पीठ कपाळाला लावत होत्या. मी कपाळाला लावण्याआधी बोट जिभेला लावलं, कारण मला प्रत्येक गोष्टीत जीभ घालायची सवय आहे. खारट. चांगलं खारट.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, इतकी काही मी ढ नव्हते. बोलणार, तेवढ्यात मागून सासूबाई आल्या, त्यांनी तोच अंगारा माझ्या कपाळभर फासला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्याच सेवेनं पावला." आता सांगा, कोणत्या तोंडाने बोलायचं? मी डोळे मिटून नमस्कार केला. त्या वर्षापासून मीठ बंद केलं. चिंच चालू ठेवली. दोन्ही एकदम बंद केलं असतं तर सोनं उतरलं असतं आणि लोकांनी विचारलं असतं.

पण मीठ आत गेलं होतं ते गेलंच होतं. लिंबाच्या लोणच्यासारखा तो हत्ती माझ्या हातचा मुरला होता. पावसाळ्यात दगड पाणी प्यायचा, थंडीत वाळायचा, मीठ वर यायचं आणि येताना दगडाची साल ढकलून द्यायचं. आधी सोंडेवरच्या वळ्या गेल्या, मग कळी गेली. एका वर्षी कानाची पापडी सुटून पायरीवर पडली. कमिटीने एकदा मिस्त्री बोलावून भोकं सिमेंटने बुजवली. सिमेंट टिकलं, त्याच्या बाजूचा दगड गेला. उजवा हत्ती, ज्याच्यावर माझ्या जावेने दोन बादल्या फेकून फुटाणे खाल्ले होते, तो अजून सोंडेवरच्या सगळ्या वळ्यांसकट उभा आहे.

अंगारा मात्र दर थंडीत येत राहिला. सासूबाई तो कपाळी लावत लावतच गेल्या. जावेचे गुडघे धरायला लागले, तेव्हापासून ती दर सोमवारी आपल्या पुऱ्याचा हत्ती ओलांडून माझ्या हत्तीपाशी यायची, चिमूटभर अंगारा पदराला बांधून न्यायची आणि रात्री तेलात कालवून गुडघ्यांना चोळायची. आम्ही आता रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसतो. तिने कितीदा मला सांगितलं असेल, तुह्या हत्तीनं मले चालतं ठेवलं. मी म्हणायची, देवाची कृपा.

आता माझ्या नातीचं सांगते. ती जुन्या इमारतींचे दगड दुरुस्त करते. लोक विचारतात, नात काय करते, तर मी सांगते, दगडाची डॉक्टर आहे, आणि ती चिडते. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली काम करत होती. आमच्या देवळाचे हत्ती हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. तेही सुखासुखी मिळालेलं नव्हतं. कमिटीचा अध्यक्ष माझ्या जावेचा मुलगा. त्याने नागपूरला एका मंगल कार्यालयाच्या दारात फायबरचे पांढरे हत्ती पाहिले होते, सोंड वर केलेले, डोळ्यांत लाल दिवे असलेले, आणि तेव्हापासून त्याचा जीव त्यांच्यात अडकला होता. मोठ्या मुश्किलीने तो एवढ्यावर आला: "शिवरात्रीपर्यंत पाहू. दगड झडनं थांबला तर राहू देऊ. नाही थांबला तर दोन्ही काढतो अन् नवे आनतो. मंग रडाचं नाही."

नात मला घरी येऊन म्हणाली, "आजी, आपल्याच गावात जमलं नाही, तर पुढचं देऊळ मला कोण देईल?"

दिवाळी झाल्यावर तिने काम सुरू केलं. बारीक छिन्नीने, दात साफ करावेत तसं, सगळं सिमेंट काढलं. भिजवून मुरवलेला चुना आणला होता. त्याच खाणीतल्या पिवळ्या दगडाचा चुरा चाळणीने चाळला, दोन्ही कालवून भोकं भरली. जिथे साल सुटत होती तिथे पातळ चुना सुईने आत सोडला. हत्तीला इंजेक्शन देताना बघायला अर्धा गाव जमला. मी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, माझी नात. वर गोणपाट ओलं करून झाकत होती, रोज पाणी शिंपडत होती. भरलेली जागा दगडासारखीच दिसायला लागली.

थंडी पडली आणि कपाळावरचा भराव एका सकाळी आख्खा सुटून पायरीवर पडला. मागे पांढरं पीठ.

नात त्या तुकड्यापाशी किती तरी वेळ उकिडवी बसून होती. मग तिने पुन्हा भरलं, चुना बदलून. तेही सुटलं. ती जेवेनाशी झाली. चुना नीट मुरला नव्हता का, रेती जाड होती का, पाणी कमी पडलं का, असं एकटीशीच बोलायची. अध्यक्ष येता-जाता मोबाइलमधले फायबरचे हत्ती दाखवून जायचा. मला काय होतं ते माहीत होतं. मी ताट वाढून द्यायची आणि म्हणायची, खाऊन घे, होईल ठीक. एवढी वर्षं गप्प बसायची सवय झाली की तोंड उघडायला जागाच राहत नाही. उद्या सांगू, असं म्हणत मी रोज पुढे ढकलत होते.

पण मी सांगायच्या आधीच तिने पकडलं.

एका संध्याकाळी मी आणि जाऊ ओट्यावर बसलो होतो. नात ओल्या कागदाच्या पट्ट्या हत्तीच्या अंगावर ठिकठिकाणी चिकटवत होती, काढून कसल्याशा यंत्रात बघत होती आणि खडूने खुणा करत होती. उजव्या हत्तीलाही लावून आली. मग लांब जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उजव्यात मीठ नाहीच. जमिनीतून चढलं असतं तर दोघांतही असतं, अन् पायापासून वर आलं असतं. इथं पायात नाही, पोटाखाली नाही. कपाळावर, सोंडेवर, कानात. अन् पाठीवर इथपर्यंत, मग एकदम बंद." पाठीवर खडूची रेघ होती.

ती रेघेकडे बघत राहिली. मग वळून माझ्याकडे बघितलं. मी गावातली सगळ्यांत बुटकी बाई आहे.

"आजी, इकडे ये जरा."

"गुडघे दुखतात."

"तुझे नाही दुखत. ये."

गेले.

"इथं उभी राहा. हत्तीवर हात टाक. पाठीवरून जेवढा पुढे जातो तेवढा टाक."

टाकला. माझी बोटं बरोबर खडूच्या रेघेवर जाऊन टेकली.

"कशानं घासत होतीस?"

"चिंचेनं."

"अन्?"

मी देवळाच्या कळसाकडे बघितलं. "अन् थोडंसं मीठ."

नातीने हातातला खडू खाली ठेवला. मग ती खाली बसली आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसताच रागावली. "मी इतके दिवस माझ्या चुन्याला शिव्या देऊन राह्यली, आजी. माझ्या चुन्याला." मग पुन्हा हसली. मलाही हसू आलं, सुटल्यासारखं वाटलं. हसत मागे बघितलं, तर जाऊ हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मग हत्तीच्या कपाळाकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. उठली आणि चप्पल तशीच ओट्याखाली ठेवून घरी निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी चप्पल तिच्या दाराशी नेऊन ठेवली. दार उघडलं नाही.

इकडे कामाला नवीन दिशा मिळाली. आधी मीठ बाहेर काढायचं, मग भरायचं. त्याला लगदा लागतो. कापूस आणि कोरा कागद पाण्यात कुजवून, कुटून, ओला लगदा दगडावर थापायचा. दगडातलं मीठ पाण्याबरोबर त्यात येतं, लगदा वाळला की काढून फेकायचा, पुन्हा नवा थापायचा. कापसाला आमच्याकडे तोटा नाही. आणि लगदा म्हटल्यावर मी पदर खोचला. आमच्या काळी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या प्रत्येक घरात व्हायच्या, त्यात मेथी वाटून घालायचो. मी सवयीने मेथी भिजत घातली. नातीने ती ओतून दिली. "आजी, हत्तीला अजून फोडणी देऊ नको."

पाणी बोअरवेलचं चालेना, त्यातच क्षार. आर.ओ.च्या क्यान आणाव्या लागल्या. अध्यक्ष पाहून म्हणाला, "मी घरी बोअरचं पितो अन् हत्ती क्यानचं पिऊन राह्यला." मी म्हटलं, "तुला मीठ कोणी लावलं नाही रे, बाप्पा." तो गंभीर चेहऱ्याने निघून गेला, पण दुसऱ्या दिवशी क्यान त्याच्याच गाडीतून आल्या.

लगद्यात गुंडाळलेला हत्ती उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यासारखा दिसायचा. वाळला की नात पट्टी लावून यंत्रात बघायची, आणि मी वाळलेल्या लगद्याचा कण जिभेवर ठेवून सांगायची, अजून आहे. दोन-तीनदा माझं आणि यंत्राचं जुळलं. मग मी शेफारले. चौथ्यांदा छातीठोक सांगितलं, संपलं, तर यंत्र म्हणे भरपूर आहे. दुपारी लोणचं खाऊन आले होते, जिभेला दुसरं काही कळणार कसं? त्यानंतर माझी नेमणूक रद्द झाली.

अशीच एक दिवस कुटत बसले असताना समोर सावली पडली. जाऊ उभी. हातात जुनं मऊ लुगडं. नातीला म्हणाली, "गोनपाट टोचते त्याले. हे घाल." आणि माझ्या बाजूला बसून लगदा मळायला लागली. माझ्याशी बोलली नाही. रोज यायची, मळायची, संध्याकाळी जायची. अंगाऱ्याचं एक अक्षर काढलं नाही, आणि मला विचारायची छाती झाली नाही. सोमवारी ती रांगेत नसायची. चालताना भिंतीला हात लावायची.

मीठ उतरलं. सगळं नाही उतरत म्हणते नात, पण दगडाला झेपेल एवढंच राहिलं. मग पुन्हा चुना, पुन्हा चाळलेला चुरा, पातळ पातळ थर, वर जावेचं लुगडं ओलं करून. अध्यक्षाला वाटत होतं, एवढं केलंच तर कान आणि सोंडेच्या वळ्याही नव्या करून टाकाव्यात. "उजव्याचं पाहून कर ना. समोरच तर हाये." नात म्हणाली, "पाणी साचणार नाही, साल सुटणार नाही, एवढंच करते, काका. चेहरा आजीनं केला, तो मी बदलत नाही." तो म्हणाला, "मंग शिवरात्रीले पाहू."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे जमलो. थंडीचा शेवट, पीठ फुटायचं ते याच दिवसांत फुटतं. अध्यक्ष मुद्दाम काळं जाकीट घालून आला होता. त्याने बाही हत्तीच्या कपाळावर घासली, कानापाशी घासली, भरावावर नखाने टोकरलं, मग उन्हाकडे धरून बाही बघितली. एकही कण नव्हता. त्याने पुन्हा घासली. नात हाताची घडी घालून उभी होती. अध्यक्षाने मोबाइल काढला. मला वाटलं, आता पुन्हा ते फायबरचे. त्याने नातीला हत्तीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. "कमिटीच्या ग्रुपवर टाकतो. राहू देऊ म्हणतो." मग खाली आवाजात, "रात्री दिवे लावू ना पन? पायथ्याशी?" नात म्हणाली, "लावू." एवढं द्यावं लागतं.

तेवढ्यात वरच्या पुऱ्याची यंदाची सून बादली घेऊन आली; हत्ती मी परत सुनांच्या हाती सोडला होता. चांगली चुणचुणीत, उत्साही. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडची बाटली आणि तारेची घासणी. मी दोन्ही काढून घेतलं. पोर घाबरली. मी म्हटलं, "बाई, तू फक्त पाणी टाक आणि फुटाणे खा."

मग सोमवारच्या बायका आल्या. हत्तीच्या कपाळावरून बोटं फिरवली, बोटं बघितली, एकमेकींकडे बघितलं. एकीने विचारलं, "यंदा अंगारा नाही?" नात माझ्याकडे बघायला लागली. मी नारळ सोलण्यात गुंतले.

गर्दी सरल्यावर जाऊ हळूहळू पुढे आली. हत्तीच्या कपाळावर आख्खा तळवा फिरवला, पालथा-उताणा करून पाहिला. स्वच्छ होता. मग माझ्याशेजारी ओट्यावर बसली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली,

"तुह्या घरचं मीठ इतके वर्षं गुडघ्याले चोळलं मी, अन् दुखनं राह्यत बी होतं. आता हत्ती बरा केला तुमी. मंग माह्या गुडघ्याचं कोन पाह्यते, थे सांग."